मिररलेसमध्ये चौकट हिरवी होते, तरी डोळे सॉफ्ट येतात. ऑटोफोकसचं नेमकं काय बदलू?

अर्धीकळ (प्रश्न)

बॉडी फुलफ्रेम मिररलेस (मोठा सेन्सर, आत आरसा नाही), फेज डिटेक्शनवाली, म्हणजे फोकस किती आणि कुठल्या दिशेला चुकलाय ते सेन्सरच मोजतो. लेन्स दोन: ८५ एमएम एफ/१.८ आणि ७०-२०० एफ/४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा "कंपनीच बदला" या वळणावर जाते.

अडचणी तीन आहेत.

पहिली पोर्ट्रेटची. एफ/१.८, शटर १/२५०, अंतर साधारण दोन मीटर. एएफ-एस (एकदाच फोकस), सिंगल पॉइंट मध्यभागी. डोळ्यावर फोकस घेतो, बटण अर्धं दाबलेलं ठेवतो, कॅमेरा थोडा फिरवून फ्रेम जुळवतो आणि क्लिक. चौकट हिरवी होते, बीपही वाजतो. पण फोटो १०० टक्के मोठा केला की डोळे किंचित सॉफ्ट आणि कानाजवळचे केस मात्र लख्ख.

दुसरी हॉलमधल्या बॅडमिंटनची. जागा कोर्टाच्या मागे मिळते, म्हणजे पलीकडचा खेळाडू जाळीतून दिसतो. एएफ-सी (सतत फोकस), वाइड एरिया, डिटेक्शन माणसावर, ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी सगळ्यात चपळ टोकाला, शटर १/४००, सेकंदाला १० फ्रेम. बर्स्टमधले, म्हणजे सलग काढलेल्या फ्रेममधले, निम्मेही कामाचे निघत नाहीत. फोकस एकतर जाळीवर नाहीतर अलीकडच्या खेळाडूच्या पाठीवर.

तिसरी मंद उजेडाची. ७०-२०० या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आणि हात टेकते. कंपनीच्या माहितीत तर उणे सहा ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) फोकस होतो असं छापलंय.

मेनूत मोड, एरिया, डिटेक्शन, ट्रॅकिंग, प्रायॉरिटी, सेन्सिटिव्हिटी अशी पानंच्या पानं आहेत. यातलं कोणतं कशासाठी, आणि हात आधी कशाला लावायचा?

---

काचमणी

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या तिन्हींत तिथेच पाणी मुरतंय.

मोड ठरवतो की मोजणं कधी थांबवायचं. एएफ-एस एकदा फोकस घेतो आणि कुलूप लावतो. एएफ-सी बटण दाबलेलं असेपर्यंत मोजत राहतो. कॅननमध्ये यांचीच नावं वन शॉट आणि सर्व्हो. एरिया ठरवतो की फ्रेममध्ये कुठे शोधायचं. डिटेक्शन ठरवतं की त्या जागेत कशाला मान द्यायचा: डोळा, पक्षी, गाडी. आणि सेन्सिटिव्हिटी एवढंच ठरवते की पकडलेली वस्तू अचानक निसटली किंवा मधे काहीतरी आडवं आलं, तर नव्या वस्तूवर उडी मारण्याआधी किती कळ काढायची. ती फोकसचा वेग वाढवत नाही. तुम्ही ती "जास्त म्हणजे चांगलं" अशा समजुतीने टोकाला नेलेली दिसते. क्रम हाच ठेवा: मोड, एरिया, डिटेक्शन, मग शटर आणि ॲपर्चर. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी, तीही गरज पडली तरच.

एएफ-ए नावाचा तिसरा मोड असेल तर तो सोडून द्या. वस्तू हलतेय की स्थिर आहे हे तो स्वतः ठरवतो, आणि थोडंसं डुलणारा माणूस त्याला बहुतेक वेळा स्थिरच वाटतो.

आता पोर्ट्रेट. ८५ एमएम, एफ/१.८, दोन मीटर: फुलफ्रेमवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, साधारण ६ सेंटीमीटर. डोळ्याच्या पुढे तीन, मागे तीन. हा हिशोब ०.०३ मिलीमीटरचं सर्कल ऑफ कन्फ्यूजन (सेन्सरवरचा एवढा धूसर ठिपका डोळ्याला शार्पच वाटतो) धरून केलेला आहे, म्हणजे बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी. १०० टक्के झूम करून बघणाऱ्याला हा पट्टा आणखी अरुंद वाटणार.

मधल्या पॉइंटने डोळा पकडून कॅमेरा १० अंश फिरवला, तर फोकसची पातळीही कॅमेऱ्याबरोबर फिरते. कॅमेऱ्यापासून तिचं अंतर दोन मीटरच राहतं, पण डोळा आता त्या पातळीच्या अलीकडे येतो: २ मीटर गुणिले (१ वजा कोसाइन १० अंश), म्हणजे ३ सेंटीमीटर. अख्खी सवलत इथेच संपली. त्यात तुम्ही आणि समोरचा माणूस दोघंही उभ्या उभ्या एखाद-दोन सेंटीमीटर डुलता. डुलणं कधी तुमच्या बाजूने पडतं, कधी विरुद्ध, पण फिरवण्याची चूक दरवेळी एकाच दिशेला जाते: फोकस मागे. म्हणून तुमच्याकडे केस लख्ख आणि डोळे सॉफ्ट. हिरवी चौकट ज्या क्षणी दिसली त्या क्षणी खरीच होती, कॅमेरा तुम्ही त्यानंतर फिरवलात.

उपाय: एएफ-सी, वाइड किंवा मोठा झोन, डोळा डिटेक्शन चालू. फ्रेम आधी जुळवा, डोळ्यावर छोटी चौकट आली की बटण अर्धं दाबा आणि सोडू नका. क्लिक होईपर्यंत कॅमेरा मोजत राहतो, त्यामुळे डुलण्याचा प्रश्नही त्यातच निकालात निघतो. एएफ-सीमध्ये सहसा बीप वाजत नाही. काही बिघडलंय असं समजू नका. कॅननमध्ये सर्व्होची चौकट निळी असते, हिरवी नाही.

दोन खाचखळगे. चश्म्याच्या काचेवर दिवा चमकत असेल किंवा बट डोळ्यावर आली असेल, तर चौकट डोळ्यावर दिसते पण फोकस चश्म्याच्या फ्रेमवर किंवा केसावर बसतो. अशा वेळी डिटेक्शन बंद करून सगळ्यात लहान पॉइंट हाताने बुबुळावर न्यायचा. दुसरं म्हणजे अंतर. एक मीटरवर याच लेन्सची एफ/१.८ ला डेप्थ जेमतेम दीड सेंटीमीटर. पापणीवर फोकस बसला तर बुबुळ कडेला जातं. चेहरा तिरका असेल तर दोन्ही डोळे शार्प येणं विसरा. एफ/४ ला तीच डेप्थ साधारण तीन सेंटीमीटर होते. पार्श्वभूमी दूर असेल तर तिच्या धूसरपणात फारसा उणेपणा जाणवत नाही.

एएफ-एस मोडीत काढा असं म्हणत नाहीये. ट्रायपॉडवरचा निसर्ग, टेबलावरच्या वस्तू, इमारती, जिथे काहीच हलत नाही तिथे तोच घ्या. शेवटी एकदा थांबून खात्री करणं ही त्याची खासियत आहे.

---

जाळीपल्याड

बॅडमिंटनबद्दल.

आधी अंतरं मांडा. कोर्टाची लांबी १३.४ मीटर, म्हणजे अर्धं कोर्ट ६.७. तुम्ही मागच्या रेषेच्या दोन मीटर मागे असाल तर जाळी ८.७ मीटरवर आणि पलीकडचा खेळाडू १२-१३ मीटरवर. २०० एमएम, एफ/४, १२ मीटर: डेप्थ पुढे-मागे चाळीसेक सेंटीमीटर. जाळी आणि खेळाडू यांच्यात तीन-चार मीटर. फोकस जाळीवर गेला की खेळाडू पूर्ण हातचा गेला, मधली अवस्था नाही.

आणि जाळीवर तो जाणारच. वाइड एरियात डिटेक्शनला माणूस सापडला नाही, पाठमोरा झाला, वाकला, जाळीच्या पट्टीने चेहरा झाकला, की कॅमेरा जवळच्या आणि कॉन्ट्रास्ट जास्त असलेल्या वस्तूकडे वळतो. जाळीची वरची पांढरी पट्टी ही अगदी तशीच वस्तू. त्यात सेन्सिटिव्हिटी सगळ्यात चपळ, म्हणजे कळ अजिबात काढायची नाही असा हुकूम तुम्हीच दिलाय.

एरिया बदला. वाइडऐवजी एक्स्पांड प्रकारचा छोटा पॉइंट, म्हणजे मधला पॉइंट आणि भोवतीचे मदतनीस. सोनीत एक्स्पांड स्पॉट, कॅननमध्ये एक्स्पांड एरिया, निकॉनमध्ये डायनॅमिक एरिया, स्मॉल किंवा मीडियम. तो खेळाडूच्या छातीवर ठेवा. चेहऱ्यापेक्षा छाती मोठी, कमी हलणारी, आणि एफ/४ ला डोळे त्याच पट्ट्यात बसतात. छोट्या पॉइंटपासून सुरू होणारं ट्रॅकिंग मिळत असेल तर तेही चालेल: सोनीत ट्रॅकिंग एक्स्पांड स्पॉट, निकॉनमध्ये ३डी ट्रॅकिंग, कॅननमध्ये पॉइंट निवडून होल एरिया ट्रॅकिंग चालू. फरक एवढा की सुरुवात कुठून करायची हे तुम्ही सांगता, कॅमेरा नाही. मात्र जाळी सतत आडवी असेल तर माझं मत साध्या एक्स्पांडला. ट्रॅकिंगची चौकट एकदा अलीकडच्या खेळाडूवर चिकटली की सोडवेपर्यंत रॅली संपते.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांत हमखास गफलत होते, कारण कंपन्यांची दिशा एक नाही. सोनीत १ म्हणजे चिकट आणि ५ म्हणजे चपळ. निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स नेमका उलटा: १ चपळ, ५ चिकट. फुजीफिल्ममध्ये ० चपळ, ४ चिकट. कॅननच्या आर५, आर६ मध्ये उणे २ चिकट, अधिक २ चपळ, आणि तयार संच हवा असेल तर केस २ हा अडथळे दुर्लक्षून पाठलाग करणारा. फुजीत त्याच कामाचा सेट २. तिथेच सेट ४ मध्ये झोन स्विचिंग फ्रंटवर असतं, म्हणजे सगळ्यात जवळच्या वस्तूला मान. जाळीपुढे तो संच निवडणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

तुमच्यासाठी चिकट बाजूला एक पायरी: सोनी २, निकॉन ४, फुजी ३, कॅनन उणे १. एकदम टोकाला जाऊ नका. फार चिकट केलं की उलटा त्रास होतो: फोकस चुकून जाळीवर बसला तर तिथेच ठाण मांडतो. तसं झालं तर बटण पूर्ण सोडा, पॉइंट छातीवर आणा, पुन्हा दाबा. दाबून धरून तो आपोआप परत येईल याची वाट बघू नका.

शटरही बदला. सेकंदाला ३ मीटर वेगाने आडवा धावणारा खेळाडू १/४०० सेकंदात साडेसात मिलीमीटर सरकतो. १२ मीटरवरून २०० एमएमने, २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमवर, ते साधारण २० पिक्सेल होतात. याला फोकस कितीही अचूक असला तरी उपाय नाही. १/१००० ला तेच आठ पिक्सेलवर येतं. मनगट आणि रॅकेट याच्या कैक पट वेगाने फिरतात, ती गोठवायची तर १/१६०० च्या पुढे जा. आयएसओ ६४०० किंवा १२८०० झाला तरी चालेल, नॉइज नंतर आवरता येतो, पुसलेला चेहरा नाही.

हॉलच्या दिव्यांचं एक. मेन्सवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतात, देशातला पुरवठा ५० हर्ट्झचा की ६०चा त्यावर. जलद शटरला एक फ्रेम उजळ, एक काळपट येते. अँटी-फ्लिकर चालू करा, शटर मेकॅनिकल ठेवा. बर्स्टचा वेग थोडा पडेल, पडू द्या. काही बॉडींत सर्वात वरच्या वेगाला फोकस पहिल्या फ्रेमवरच गोठतो किंवा त्यावर बंधनं येतात. मॅन्युअलमध्ये बर्स्टच्या तक्त्याखालची बारीक टीप वाचा, उत्तर तिथे असतं.

---

मंदवात

उजेडाबद्दल मी लिहिते, वरच्या दोघांनी ते सोडलंय.

उणे सहा ईव्ही हा आकडा खोटा नाही, पण अटींसकट वाचायचा असतो. कॅनन आर६चा उणे ६.५ हा आकडा एफ/१.२ लेन्स, मधला पॉइंट आणि वन शॉट यांवरचा आहे. एफ/१.२ आणि एफ/४ यांत साडेतीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ढोबळ मानाने तुमच्या ७०-२०० ला तोच सेन्सर उणे तीनच्या आसपास दमायला लागतो. शिवाय कडेचे पॉइंट आणि एएफ-सी हे दोन्ही त्या अटींत नाहीत. त्याच खोलीत ८५ एमएम एफ/१.८ लावून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरं, फोकस घेताना लेन्सचं ॲपर्चर किती उघडं आहे ते बघा. डीएसएलआरमध्ये ते नेहमी पूर्ण उघडं असायचं, मिररलेसमध्ये तसं धरून चालू नका. निकॉन झेड तुम्ही निवडलेल्या ॲपर्चरवरच फोकस घेतो, फक्त एफ/५.६ पेक्षा जास्त बंद करत नाही. सोनीच्या बऱ्याच बॉडींत एएफ-सीमध्ये निवडलेल्या ॲपर्चरवरच मोजणी होते. म्हणजे अंधारात एफ/८ ठेवून ऑटोफोकसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नव्या सोनी बॉडींत ॲपर्चर ड्राइव्ह नावाची सेटिंग आहे, तिच्यात फोकसला प्राधान्य निवडता येतं. कॅनन बहुधा उघड्या ॲपर्चरवर मोजतो.

तिसरं कोणी सहसा सांगत नाही. सेन्सरवरचे फेज डिटेक्शन पिक्सेल बहुतेक बॉडींत एकाच दिशेचे असतात. कॅमेरा आडवा धरला की त्यांना उभ्या रेषा नीट कळतात, आडव्या जवळपास कळत नाहीत. आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट, खिडकीच्या आडव्या पट्ट्या, पायऱ्यांच्या कडा, पाण्याची रेषा: भरपूर कॉन्ट्रास्ट दिसतो आणि तरी लेन्स फिरतच बसते. कॅमेरा ३०-४५ अंश तिरका करा, फोकस घ्या, एएफ-एसमध्ये लॉक ठेवून पुन्हा सरळ करा. दोन्ही दिशांचे, म्हणजे क्रॉस टाइप पॉइंट सेन्सरवर असलेल्या बॉडी मोजक्या आहेत, ओएम-१ (२०२२) आणि कॅनन आर१ (२०२४) त्यांतल्या.

लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत का फिरते तेही लिहिते. वस्तू फोकसच्या फारच बाहेर असेल तर सेन्सरला दिसते ती नुसती धुसर पसर, तिच्यातून कुठल्या दिशेला जायचं ते कळत नाही. मग आख्खा पल्ला चाचपून पाहणं एवढंच त्याच्या हाती उरतं. हे टाळायला फोकस रिंग हाताने फिरवून अंदाजे अंतरावर आणा आणि मग बटण दाबा. एएफमध्ये असतानाही रिंग चालावी यासाठी सोनीत फुल टाइम डीएमएफ, कॅननमध्ये इलेक्ट्रॉनिक फुल टाइम एमएफ चालू लागतं. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो दूरच्या पल्ल्यावर टाका, चाचपडण्याचा रस्ताच निम्मा होतो.

मदतीचा दिवा, तो नारिंगी किंवा हिरवा झोत, बहुतेक बॉडींत फक्त एएफ-एसमध्ये पेटतो. एएफ-सीमध्ये "दिवा बिघडला" म्हणून सर्व्हिसला नेऊ नका. ७०-२०० ला हूड लावला असेल तर तोच झोत अडवतो, हेही बघा.

माणसाच्या मागून प्रकाश लेन्सवर येत असेल तर फ्लेअर चढतो, कॉन्ट्रास्ट पडतो आणि भर दुपारीही हाच खेळ सुरू होतो. तळहाताने काचेवर सावली करा. समोरच्या फिल्टरवरचे बोटांचे ठसे पुसा, हे लाजिरवाणं वाटेल इतक्या वेळा कारण असतं.

---

ठामअंगठा

वरचं सगळं पटलं, पण बॅक बटणाचं कुणी का बोलत नाही? शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या, अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणावर टाका. दाबून धरलं की एएफ-सी, सोडलं की लॉक. एकाच मोडमध्ये दोन्ही कामं. सोनीत एएफ विथ शटर बंद, निकॉनमध्ये एएफ ॲक्टिव्हेशन एएफ-ऑन ओन्लीवर, कॅननमध्ये बटणांच्या पानावर शटर अर्धं दाबल्यावर फक्त मीटरिंग. निकॉनवाल्यांनी त्याखालचं आउट ऑफ फोकस रिलीज एनेबल ठेवायचं, नाहीतर अंगठा सोडल्यावर शटरच पडत नाही आणि माणूस बॅटरी काढून बघत बसतो.

---

काचमणी

@ठामअंगठा, खेळ आणि पक्ष्यांसाठी मान्य. जाळीच्या प्रकरणात अंगठा सोडून पुन्हा दाबणं बोटापेक्षा सोपं जातं, हेही मान्य. पण @अर्धीकळ यांची पहिली अडचण लॉक करून फिरवण्यातून आलीय, आणि बॅक बटण त्या सवयीला नवीन घर देतं. अंगठा सोडला, फ्रेम फिरवली, पुन्हा तेच ३ सेंटीमीटर. पोर्ट्रेटला एफ/१.८ वर अंगठा क्लिकपर्यंत दाबलेलाच हवा. शिवाय कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला की फोकस होतच नाही म्हणून तो परत येतो, तो भाग वेगळा.

---

अर्धीकळ

सगळ्यांना धन्यवाद. पोर्ट्रेटचं गणित डोक्यात बसलं. दोन शंका उरल्या. एक: प्रायॉरिटी सेटिंग, फोकस की रिलीज? दोन: बर्स्ट बिघडलेला दिसतो तेव्हा चूक फोकसची, शटरची की लेन्सची, हे ओळखायचं कसं? नाहीतर मी पुन्हा सहाही पानं फिरवत बसेन. लेन्सला कॅलिब्रेशन लागेल का, असंही कोणी सुचवलंय.

---

जाळीपल्याड

प्रायॉरिटी: रिलीज म्हणजे बटण दाबलं की फोटो पडणार, फोकस असो नसो. फोकस म्हणजे खात्री झाल्याशिवाय शटर अडणार. निकॉनमध्ये एएफ-सीला मूळ सेटिंग रिलीजची असते, सोनीत बॅलन्स्डची. खेळात मी बॅलन्स्ड असेल तर तीच ठेवतो. शुद्ध फोकस प्रायॉरिटीत शटल मारल्याचा क्षण निघून गेल्यावर फोटो पडतो. बॅलन्स्ड नसेल तर रिलीज, पण मग क्लिकच्या आधी किमान अर्धा-एक सेकंद फोकस चालू ठेवायचा. पोर्ट्रेटला फोकस प्रायॉरिटी बिनधास्त.

निदानासाठी एक चाचणी करा, हॉलमध्ये नाही, दिवसा मोकळ्या जागी. एकाला १० मीटरवरून सरळ तुमच्याकडे भरभर चालत यायला सांगा. ८५ एमएम, एफ/२.८, १/१०००, एएफ-सी, एक्स्पांड पॉइंट छातीवर, डिटेक्शन बंद, सेकंदाला आठ-दहा फ्रेम, तीन सेकंद. मग प्लेबॅकमध्ये फोकस पॉइंट दाखवणं चालू करून फ्रेम ओळीने बघा. एकेक फ्रेम सुटी बघू नका, ओळीचा आकार बघा.

पहिल्या दोन-तीन सॉफ्ट आणि पुढच्या शार्प: तुम्ही फोकस उशिरा सुरू केला. सेटिंगचा दोष नाही.

पहिली शार्प आणि पुढे चूक वाढतच गेली, फोकस माणसाच्या मागे मागे पडत गेला: फोकस गोठलाय. मोड एएफ-एसवर राहिलाय, नाहीतर बर्स्टचा वेग इतका वरचा आहे की फोकस पहिल्या फ्रेमला कुलूपबंद होतोय. वेग एक पायरी उतरवून पुन्हा करा.

सगळ्याच थोड्या थोड्या, सारख्याच प्रमाणात मागे: लेन्सची मोटर पुरी पडत नाही. जुन्या, ॲडॉप्टरवर लावलेल्या किंवा जड काच हलवणाऱ्या पोर्ट्रेट लेन्सना हे होतं. ॲपर्चर एक स्टॉप बंद करून सवलत वाढवा, याला मेनूत औषध नाही.

कधी शार्प, कधी एकदम पार्श्वभूमी: एरिया मोठा आहे किंवा पॉइंट अंगावरून घसरतोय. प्लेबॅकमध्ये चौकट कुठे होती ते बघितलं की वाद मिटतो. चौकट छातीवर आणि फोकस दुसरीकडे, असं असेल तरच सेन्सिटिव्हिटीकडे जा.

आणि फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या: तो फोकस नाहीच, शटर आहे. माणूस ओढलेला पण मागची भिंत शार्प असेल तर माणूस हलला. भिंतही त्याच दिशेला ओढलेली असेल तर तुम्ही हललात. स्टॅबिलायझेशन फक्त दुसऱ्याला उपयोगी.

हीच चाचणी मग डिटेक्शन चालू करून पुन्हा. निकाल बिघडला तर दोष डिटेक्शनचा, सुधारला तर ते ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

---

मंदवात

कॅलिब्रेशनचं मी सांगते. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा, म्हणून दोघांत फरक पडायचा आणि फाइन ट्यून लागायचं. मिररलेसमध्ये मोजणी फोटो काढणाऱ्याच सेन्सरवर होते, तो प्रकार इथे मुळात नाही. तरी शंका असेल तर ट्रायपॉड, ४५ अंशात ठेवलेली मोजपट्टी, तिच्या शून्याच्या रेषेवर बसवलेलं एक उभं कार्ड, एएफ-एस, सिंगल पॉइंट कार्डावर, दोन सेकंदांचा टायमर. प्रत्येक वेळी आधी रिंग हाताने हलवून फोकस पूर्ण बिघडवा आणि मग घ्या. पाच-सहा फ्रेम. सगळ्यांत शून्य शार्प आलं तर लेन्सला दोष देणं सोडा. फ्रेमगणिक शून्याच्या कधी पुढे कधी मागे पडत असेल तर आधी उजेड वाढवा आणि कार्डावरच्या रेषा उभ्या आहेत ना ते बघा. उजेड भरपूर असूनही एकाच बाजूला पडत असेल तर बॉडी आणि लेन्स, दोन्हींचं फर्मवेअर ताजं करून परत करा. त्यानंतरही तसंच राहिलं तरच दोन्ही एकत्र सर्व्हिसला द्या, नुसती लेन्स नको.

मोजपट्टी लाकडी किंवा कागदी घ्या. स्टीलची चमकते आणि चमकीच्या कडेलाच फोकस बसतो.